टीव्ही जागेश्वर गुरुजींनी फोडला नव्हता

जागेश्वर गिऱ्हेपुंजे गुरुजींबरोबर मी एका शाळेत अकरा वर्षे नोकरी केली, तरी त्यांची मला फार थोडी माहिती आहे. त्यांचे वडील कधी वारले, त्यांना मूलबाळ का झाले नाही, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. रविवारी सकाळी ते सायकल घेऊन पवनीच्या रस्त्याला लागत, ते कुठे जात हे मला त्यांच्या मरणानंतर कळले. त्यांच्या घरी मी एकदाच गेलो आणि तेव्हा ते तिथे नव्हते. अशा माणसाने त्यांच्यावर लिहिणे बरोबर आहे का, हे मला अजून कळत नाही. पत्रे आणि शाळेचे अहवाल सोडले तर मी आयुष्यात काही लिहिलेले नाही.

पण मागच्या महिन्यात मला त्याच शाळेत बोलावणे आले. नव्या डिजिटल वर्गाचे उद्घाटन होते आणि जुने शिक्षक म्हणून आम्हा दोघातिघांचा सत्कार होता. भिंतीवर मोठा पडदा लावला होता, त्याला झेंडूचा हार घातला होता. भाषणात एक जण हसत हसत म्हणाला, "आता जमाना बदलला. नाहीतर याच शाळेत पूर्वी एका मास्तरने पेचकस घालून सरकारचा टीव्ही फोडून टाकला होता!" लोक हसले. मी खांद्यावर शाल आणि हातात श्रीफळ घेऊन बसलो होतो. उठून बोलायला हवे होते. मी बोललो नाही. घरी आलो, शाल खुंटीला टांगली, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातला राग उतरत नाही. म्हणून लिहितो आहे. टीव्ही जागेश्वर गुरुजींनी फोडला नव्हता. कोणी फोडला ते मला माहीत आहे, कारण पूजेचे ताट माझ्या हातात होते.

गावाचे नाव लिहीत नाही. अड्याळपासून सायकलीने पाऊण तासाचे गाव, पहिली ते सातवीची जिल्हा परिषदेची शाळा. मी चौऱ्याहत्तर साली तिथे रुजू झालो तेव्हा जागेश्वर गुरुजी आधीपासून होते. वय पंचेचाळिशीच्या पुढे. टकळीवर सूत कातायला शिकवणारे हस्तकलेचे मास्तर म्हणून त्यांना घेतले होते. मग सूतकताई गेली आणि कार्यानुभव नावाचा विषय आला. तो कोणालाच नको होता, म्हणून तो त्यांच्याकडे गेला. बाकीचे मास्तर त्या तासाला पोरांकडून मैदानातले गवत उपटून घ्यायचे. जागेश्वर गुरुजी बांबू, सायकलच्या तुटक्या तारा, फुटक्या बाटल्या आणि तलावाची चिकणमाती घेऊन वर्गात बसायचे. सदऱ्याच्या खिशात नेहमी एक छोटा पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, असायचा. शाळेचे घड्याळ बंद पडले तर ते पोरांच्या मध्ये बसून उघडत.

"उघडल्याबिगर समजत नाही जी, मास्तर," मला म्हणत. "वरून पाह्यलं तर घड्याळ अन् ताट सारखंच."

तलावाचा धडा त्यांनी कसा शिकवला ते मी खिडकीतून पाहिले होते. तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, पाणी सोडायची जी जागा असते तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. गुरुजींनी मैदानात मातीचा हातभर तलाव केला, त्याला बांबूच्या पोकळ पोंगळीचा तुडूम बसवला, एकाखाली एक तीन भोके आणि त्यांना लाकडी बुचे. वरचे बूच काढले की पाणी हळू यायचे, खालचे काढले की जोरात. "काहून?" एवढेच त्यांनी विचारले आणि खाली बसून राहिले. अर्धा तास पोरे भांडत होती. पुस्तकातले पाण्याच्या दाबाचे वाक्य त्यांनी तासाच्या शेवटी वाचले, तेही एका पोराकडून. मी माझ्या वर्गात तेच वाक्य पाच वेळा लिहायला लावले होते. हे मी मुद्दाम लिहितो.

चौऱ्याऐंशी साली शाळेला टीव्ही मिळाला. सरकारकडून आला होता. खोके बैलबंडीतून आले, मागून छतावर लावायची जाळीची मोठी छत्री आली. मुलांसाठी मराठीत शाळेचे कार्यक्रम दाखवणार होते. त्या दिवशी जागेश्वर गुरुजी सकाळपासून शाळेच्या फाटकात उभे होते. बंडी दिसल्यावर हा पन्नाशी उलटलेला माणूस धावत गेला.

मुख्याध्यापक आनंदराव. आम्ही त्यांना मोठे गुरुजी म्हणत असू. त्यांनी टीव्ही ऑफिसात ठेवला, त्याला सुताराकडून दोन फळ्यांचे कपाट करून घेतले, कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली. त्यांच्या मुलीने टीव्हीवर घालायला कापड शिवले, त्यावर लाल दोऱ्याने सुस्वागतम् काढले. कापडाच्या खाली टीव्ही, टीव्हीच्या बाहेर कपाट, कपाटाला कुलूप. रविवारी संध्याकाळी सरपंच सेवकराम पाटील घरच्या माणसांना घेऊन सिनेमा पाहायला येत, तेव्हा ते उघडे. गावची पोरे खिडकीच्या गजांना लटकून पाहत आणि मोठे गुरुजी त्यांना छडीने उतरवत. शाळेच्या कार्यक्रमाची वेळ झाली की मात्र वीज नसे, किंवा मोठ्या गुरुजींना तालुक्याला जायचे असे, किंवा किल्ली घरी राहिलेली असे.

जागेश्वर गुरुजी रोज विचारत. रोज म्हणजे रोज.

"मोठे गुरुजी, आज लावता का जी? आज विज्ञानाचा आहे."

"गुरुजी, दहा हजाराची वस्तू आहे. पोट्टे हात लावतीन, खराब झाली तं जवाबदार कोण? तुमी?"

"हो, मी."

"तुमी सूत काता!"

वर्षभरात पोरांना दोनदा टीव्ही दाखवला. हाताची घडी, बोटभर हलायचे नाही, बोलायचे नाही. एकदा समुद्राचा कार्यक्रम होता. लाटा, जहाजे, कोळ्यांची जाळी. आमच्या पोरांनी वैनगंगेपेक्षा मोठे पाणी पाहिलेले नव्हते. सातवीतली सत्यवती, सुखराम ढिवराची मुलगी, न राहवून मोठ्याने म्हणाली, "गुरुजी, समुद्राचा तुडूम कुठी रायते जी?"

मोठ्या गुरुजींनी उठून टीव्ही बंद केला. "सांगतलं होतं ना बोलाचं नाही म्हणून? चला, वर्गात!"

जागेश्वर गुरुजी मात्र वऱ्हांड्यात एकटेच हसत होते. माझा हात धरून म्हणाले, "आयकलं का मास्तर? समुद्राचा तुडूम! आता याचं उत्तर मले बी द्यावं लागन. सापडलं तं सांगजा." दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण तास त्या एका प्रश्नावर घालवला. ऊन समुद्राचे पाणी वर नेते इथपर्यंत पोरांना आणले. तो त्यांचा विषय नव्हता. विज्ञान माझ्याकडे होते.

टीव्ही मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा केला. टीव्ही ज्या खोक्यातून आला होता ते लाकडी खोके मोठ्या गुरुजींनी मागे टाकून दिले होते. ते त्यांनी उचलले. समोरची बाजू कापून चौकोन केला, आत वर आणि खाली बांबूचे दोन रूळ, बाहेर सायकलच्या पायडलची मूठ. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचा कागद भाताच्या खळीने जोडून लांबच लांब पट्टी केली. पट्टीवर पोरांनी चित्रे काढायची, मूठ फिरवली की एकेक चित्र चौकोनात येणार आणि ज्याने काढले त्याने खोक्यामागे बसून बोलायचे. महिन्याभरात पोरांनी सहा कार्यक्रम केले. अड्याळचा बाजार झाला, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतला दंडारीचा खेळ झाला, हेडमास्तरच्या किल्लीवर पण एक झाला, तो गुरुजींनी हसून मोडून टाकला.

सत्यवतीने धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, काढला होता. मी तो पाहिला. नऊ चित्रे आणि एकातही माणसाचे तोंड नाही. चिखलातली पावले, बायांच्या हातातली रोपे, आणि पाण्यात उलटे पडलेले आभाळ. मागून तिचा आवाज येत होता: "माही माय सकाळपासून वाकली आहे. तिले एवढंच दिसते."

मी नोकरीत चौतीस वर्षे काढली. त्यापेक्षा चांगले मला कोणत्याही वर्गात ऐकू आले नाही.

पंच्याऐंशीच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शाळेत पूजा होती. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, वखर, विळे, मोटार, सगळ्याची पूजा होते. त्या वर्षी मोठ्या गुरुजींनी ठरवले की टीव्हीची पूजा सरपंचांच्या हातून करायची. सूचना मी लिहिली, कारण शाळेत माझे अक्षर चांगले म्हणत. टीव्ही कपाटातून काढून वऱ्हांड्यात टेबलावर ठेवला. हार घातला, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, डोक्यावर दिवा ठेवला. ताट मी धरले होते.

सेवकराम पाटलांनी आदल्या वर्षी ट्रॅक्टर घेतला होता. ट्रॅक्टरची पूजा त्यांनी जशी केली तशीच टीव्हीची केली. मूठभर अक्षता टाकल्या, त्या मागच्या जाळीतून आत गेल्याचा आवाज मला ऐकू आला. मग पायरीवर नारळ फोडला आणि दोन्ही हातांनी करवंटी टीव्हीवर धरली.

"सेवकरामजी, वरून पाणी नोका टाकू!" जागेश्वर गुरुजी गर्दीतून पुढे आले. "मांगं जाळी आहे, पाणी आत जाते."

"देवाचं पाणी आहे गुरुजी. बाधत नाही." पाणी टाकून झाले होते. पाटलांनी हात पुसले. "हं, लावा आता. पाहू द्या पोट्ट्याईले."

गुरुजी बटणाच्या समोर जाऊन उभे राहिले. "आज नोका लावू. हात जोडतो. दोन दिवस उन्हात राहू द्या, मंग लावा. आता लावान तं जळन."

"सणाच्या दिवशी जळन म्हणता?" मोठे गुरुजी ओरडले. "अपशकुन कायले करून राहिले? सरका तिकडं!"

त्यांना खांद्याला धरून बाजूला केले. मोठ्या गुरुजींनी बटण दाबले. एक क्षण काच उजळली, मग आत फट्ट असा आवाज झाला आणि जाळीतून धूर आला. उदबत्तीच्या वासात जळल्याचा वास मिसळला. सत्तर ऐंशी माणसे सरपंचांकडे पाहू लागली. शेवटी सेवकराम पाटीलच म्हणाले, "व्होल्टेज असन."

"व्होल्टेज! व्होल्टेज!" सगळ्यांना बोलायला जागा मिळाली. मोठ्या गुरुजींनी मला खूण केली आणि मी खोबऱ्याचा प्रसाद वाटला. मी वाटला.

दसरा होऊन तिसऱ्या दिवशी मोठे गुरुजी स्वतःच जागेश्वर गुरुजींच्या वर्गात आले. मी दारातच होतो. "गुरुजी, तुमाले समजते त्यातलं. उघडून पाहा बरं काही होते का." आणि करदोड्याची किल्ली सोडून त्यांच्या हातात दिली. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

गुरुजींनी सातवीचा वर्ग भोवती बसवला. हात लावायचा नाही म्हणून बजावले. वायर काढून तीन दिवस झाले असले तरी आत वीज दबा धरून असते, म्हणाले. पेचकसाने एकेक स्क्रू काढून सत्यवतीच्या ओंजळीत दिला. झाकण निघाले आणि पोरे एकदम बोलायला लागली. आत मुंग्यांची रांग होती. नारळाचे पाणी वाळून चिकट झाले होते, त्याला मुंग्या लागल्या होत्या. काळ्या झालेल्या एका भागाजवळ कुंकू लागलेले तांदळाचे दाणे पडले होते. गुरुजींनी ते चिमटीने उचलले. सात दाणे. कागदाच्या पुडीत बांधून ती पुडी त्यांनी माझ्याकडे दिली.

"तुमच्याजवळ राहू द्या मास्तर. तुमी लिवते माणूस, तुमच्यावर कोणी शक नाही करणार."

मग त्यांनी मोठ्या गुरुजींना सांगितले की दोनच भाग जळले आहेत, पवनीचा रेडिओवाला बसवून देईल, दिवाळीआधी टीव्ही चालू होतो. मोठे गुरुजी घाबरले. सरकारी वस्तू बाहेरचा माणूस दुरुस्त करणार म्हणजे विचारपूस आली. सरकारी मेकॅनिक बोलवायचा तर अहवाल आला आणि अहवालात कारण लिहावे लागते. सरपंचाने ओतलेले देवाचे पाणी हे कारण कोण लिहिणार? त्यांनी दिवाळीची सुट्टी जाऊ दिली. मग एका दुपारी मला ऑफिसात बसवले आणि सांगत गेले, मी लिहीत गेलो. "कार्यानुभव शिक्षक श्री. गिऱ्हेपुंजे यांनी विनापरवानगी मागील झाकण उघडून आतील यंत्रणेत हस्तक्षेप केल्याने संच निकामी झाला आहे."

विनापरवानगी या शब्दाशी माझा हात थांबला होता. मोठे गुरुजी म्हणाले, "काय झालं? शाई संपली का?" मी म्हणालो, नाही. आणि लिहिले. माझ्या चांगल्या अक्षरात, ओळ सरळ.

डिसेंबरात पंचायत समितीचे विस्तार अधिकारी जीपने चौकशीला आले. ऑफिसात साहेब, मोठे गुरुजी, सेवकराम पाटील. आम्ही शिक्षक भिंतीला लागून उभे. जागेश्वर गुरुजी एकटे मध्ये.

"तुम्ही झाकण उघडले?"

"हो जी, उघडलं. मोठ्या गुरुजींनी किल्ली देली."

"किल्ली टेबलावर होती," मोठे गुरुजी म्हणाले.

"टीव्ही आधीच जळला होता साहेब. पूजेच्या दिवशी. नारळाचं पाणी आत गेलं होतं."

सेवकराम पाटील नुसते खाकरले. साहेबांनी एकेकाला विचारले की पूजेच्या दिवशी काय झाले. एक म्हणाला व्होल्टेज. एक म्हणाला मी सुट्टीवर होतो. तो माझ्या शेजारीच उभा होता पूजेला. मग माझी पाळी आली. सदऱ्याच्या खिशात ती पुडी होती. मी सकाळी घरून निघताना ती मुद्दाम खिशात घातली होती, हे मी शपथेवर सांगतो. काढायची ठरवूनच निघालो होतो. जागेश्वर गुरुजींनी माझ्या खिशाकडे एकदा पाहिले.

मी म्हणालो, "माझे लक्ष नव्हते साहेब. मी ताट धरले होते."

माझ्याकडे पुडी आहे असे त्यांनी साहेबांना सांगितले असते तर मला ती काढावी लागली असती. त्यांनी सांगितले नाही. माझ्यावरून नजर काढली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

बाहेर पोरे जमली होती. खिडकीतून सत्यवतीचा आवाज आला. "साहेब, अंदर मुंग्या होत्या जी! तांदूळ होते! आमी सगळ्याईनं पाह्यलं!"

"पोट्टीले शिकवून आणलं आहे," सेवकराम पाटील म्हणाले. साहेब हसले आणि खिडकी लावून घेतली. बारा वर्षांची मुलगी खरे बोलली आणि आम्ही पाच मास्तर पगार घेऊन गप्प राहिलो.

नंतर साहेब वर्ग पाहायला निघाले तेव्हा त्यांना तो खोक्याचा टीव्ही दिसला. त्यात सत्यवतीचा रोवणा लावलेला होता. साहेबांनी दोनदा मूठ फिरवली. "हे काय? माणसाची तोंडे कुठे आहेत?" मग मोठ्या गुरुजींकडे वळून म्हणाले, "सरकारने खरा टीव्ही दिला तो फोडायचा आणि पोरांना खोके दाखवायचे? ही थट्टा आहे का? काढा हे इथून."

साहेबांसाठी कोंबडा कापला होता. शाळेमागे तीन दगडांची चूल मांडली होती आणि सरपण ओले होते. मोठ्या गुरुजींच्या सांगण्यावरून चपराशी श्रावणने ते खोके फोडले. वाळलेले लाकूड, चांगले पेटले. सिमेंटच्या पिशव्यांचा कागद त्याने चूल पेटवायलाच घेतला. पोरे लांब उभी राहून पाहत होती, सत्यवती पण. जागेश्वर गुरुजी चुलीजवळ गेले. मला वाटले आता काही बोलतील. त्यांनी वाकून सायकलच्या पायडलची मूठ तेवढी बाजूला घेतली, खिशात टाकली आणि घरी गेले.

पंगत बसली. मीही जेवलो.

त्यांच्या सेवापुस्तकात ठपका नोंदवला गेला आणि जानेवारीत त्यांची बदली देवरीकडच्या जंगलातल्या एका शाळेत झाली, जिथे तेच एकटे मास्तर होते. शाळेत निरोपसमारंभ झाला नाही. टीव्ही तसाच कपाटात राहिला. मेकॅनिक कधी आला नाही. आणि पुढे माझी बदली होईपर्यंत दर खंडेनवमीला तो मेलेला टीव्ही बाहेर काढून त्याची पूजा होत राहिली. हार, कुंकू, अक्षता, नारळाचे पाणी. आता पाणी भरपूर टाकत. ताट मीच धरायचो.

सत्यवती सातवीनंतर शाळेत गेली नाही. ती रोवण्याला जाऊ लागली. एकदा बांधावरून जाताना मला ती वाकलेल्या बायांच्या ओळीत दिसली. तिने वर पाहिले नाही. आणि आजचे लोक भाषणात म्हणतात जमाना बदलला! त्या डिजिटल पडद्यालाही मी सत्काराच्या दिवशी कुलूप पाहिले. किल्ली कोणाकडे आहे हे मी विचारले नाही.

जागेश्वर गुरुजी निवृत्त होऊन अड्याळजवळच्या त्यांच्या गावी परत आले आणि एकोणनव्वदच्या पावसाळ्यात तापाने गेले. तेराव्याला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायको कुंताबाईंनी मला पाट दिला. रविवारचे मी विचारले. त्या म्हणाल्या, "पवनीले जात जी. रेडिओवाल्याच्या दुकानात बसून शिकत. शाळेत टीव्ही येणार म्हणून कोणी सांगतलं, तवापासून." टीव्ही यायच्या आधी दोन वर्षांपासून हा माणूस दर रविवारी सायकल मारत होता. पोरांचा टीव्ही बंद पडला तर दुरुस्त करता यावा म्हणून.

मी विचारले, माझ्याबद्दल काही बोलत होते का?

कुंताबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. "तुमचं अक्षर लई चांगलं आहे म्हणत."

त्यांना वाईट म्हणायचे नव्हते. मला माहीत आहे. मी पाणी पिऊन उठलो.

आमची शेवटची भेट त्याच्या आधीच्या वर्षी झाली होती, अठ्ठ्याऐंशी साली, अड्याळच्या बाजारात. दुपारची वेळ. मी भाजीची पिशवी हँडलला अडकवून सायकल हातात धरून निघालो होतो आणि ते समोर आले. बारीक झाले होते, सदरा तोच वाटला. पुडी तेव्हा माझ्या घरी ट्रंकेत होती, अजूनही आहे. मी काहीतरी बोलायचे ठरवत होतो. तीन वर्षे ठरवतच होतो. तेवढ्यात ते खाली वाकले, माझ्या सायकलची चेन दोन बोटांनी उचलून पाहिली, खिशातून पेचकस काढला आणि तिथेच उकिडवे बसून चेनकव्हरचा स्क्रू आवळू लागले. बाजारातली माणसे आम्हाला वळसा घालून जात होती. काम झाल्यावर त्यांनी पायडल उलटे फिरवून आवाज ऐकला, हात धोतराला पुसले.

"चेन ढिली झाली होती," ते म्हणाले. "तेल टाकत जा जी, मास्तर."

"हो," मी म्हणालो. "टाकतो."